सव्वा कोटीनंतर थेट सहा कोटी? छोट्या निर्मिती संस्थेनं मोठा व्यावसायिक चित्रपट हाती घेण्याआधी

तुमच्या प्रश्नातला मजकूर आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. कोथरूडमध्ये तिघा भागीदारांची निर्मिती संस्था आहे. दोन मराठी चित्रपट झालेत, पहिला ८० लाखांत, दुसरा १ कोटी २० लाखांत. दोन्ही महोत्सवांत फिरले. पहिल्याचे पैसे ओटीटी आणि सरकारी अनुदान मिळून निघाले, दुसऱ्यात अजून पंधराएक लाख अडकलेत. आता एक फायनान्सर सहा कोटींच्या गाणी-विनोदवाल्या कौटुंबिक चित्रपटासाठी साडेचार कोटी द्यायला तयार आहे. व्याज महिना दोन टक्के, तारण म्हणून आधीच्या दोन्ही चित्रपटांचे हक्क, आणि उरलेले दीड कोटी तुम्ही उभे करायचे. शिवाय तुम्ही विचारलंय की अमेरिकेतली ‘ए-२४’ ही स्वतंत्र चित्रपटसंस्थासुद्धा आता मोठ्या बजेटकडे वळली, मग आपण कधी वळायचं?

व्यावसायिक चित्रपट करावा की करू नये, हा इथे प्रश्नच नाही. जरूर करावा. पण तुमचे आधीचे दोन चित्रपट ज्या गणितावर उभे होते, त्यात थिएटरला जवळपास जागाच नव्हती. ओटीटीचा एक सौदा, अनुदान, थोडंफार परदेशी प्रदर्शन, झालं. सहा कोटींच्या चित्रपटाची वसुली मात्र थिएटरच्या खिडकीवरच होते. म्हणजे तुम्ही नुसतं बजेट पाचपट करत नाही आहात, धंदा बदलताय. तेव्हा विचारायचं ते हे: हा एक चित्रपट साफ पडला, तर त्यानंतर तुमची संस्था शिल्लक राहते का? माझ्या मते आत्ताच्या अटींवर राहत नाही. का, ते आकड्यांनी सांगतो.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच मान्य करतो. कलाकार कोण, संगीत कोणाचं, त्या शुक्रवारी समोर कोणता हिंदी किंवा दाक्षिणात्य चित्रपट आहे, यावर सगळे आकडे तीस-चाळीस टक्के इकडे-तिकडे होतात. पण हिशोबाची चौकट तीच राहते, आणि तुमचे आकडे घालून तुम्ही ती स्वतः तपासू शकता.

मल्टिप्लेक्सचं तिकीट सरासरी २०० रुपये धरू. सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के आणि त्यावरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी आहे. दोनशेतून तो वजा केला की साधारण १६९ रुपये ५० पैसे उरतात. बॉक्स ऑफिसच्या बातम्यांत ‘नेट’ म्हणतात ते हेच. त्यातला निम्मा वाटा पहिल्या आठवड्यात वितरकाकडे येतो. २००९ मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांचा वाद मिटला तेव्हा ठरलेली ५०, ४२.५, ३७.५ आणि चौथ्या आठवड्यापासून ३० टक्के ही उतरंड आजही बोलणीची सुरुवात म्हणून वापरली जाते. मराठीला कधी कधी त्याहून कमीही मिळतं. चित्रपट तीन-चार आठवडे चालला असं धरून सरासरी ४६ टक्के घ्या. म्हणजे ७८ रुपये. त्यातून वितरकाचं दहा टक्के कमिशन गेलं की तुमच्या हाती दोनशेच्या तिकिटामागे सत्तर रुपये. एवढा एकच आकडा पाठ करून ठेवा.

आता दुसरी बाजू. तुम्ही सहा कोटी लिहिलेत, त्यात प्रदर्शनाचा खर्च आहे का ते लिहिलेलं नाही. बहुधा नाहीच. पोस्टर-होर्डिंग, टीव्हीवरच्या जाहिराती, डिजिटल प्रचार, कलाकारांचे शहरोशहरीचे दौरे, थिएटरांना डिजिटल प्रोजेक्शनपोटी द्यावे लागणारे पैसे हे सगळं धरून, तीनशे पडद्यांवर चित्रपट लावायचा तर दोन कोटी हातात हवेत. त्यावर व्याज. साडेचार कोटी पहिल्याच दिवशी उचलले तर अठरा महिन्यांचं व्याज १ कोटी ६२ लाख होतं. टप्प्याटप्प्यानं उचलले, म्हणजे पूर्वतयारीला ६० लाख, चित्रीकरण सुरू होताना २ कोटी ७० लाख आणि पोस्टला, म्हणजे चित्रीकरणानंतरच्या संकलन-ध्वनीच्या कामाला, १ कोटी २० लाख, आणि ते अनुक्रमे अठरा, तेरा व सात महिने वापरले, तर व्याज १ कोटी ९ लाखांच्या आसपास येतं. निव्वळ करारातल्या एका ओळीनं पन्नास लाख वाचतात. मुद्दलावरचं व्याज ‘रक्कम प्रत्यक्ष खात्यात आल्याच्या तारखेपासून’ मोजायचं, हे लिहून घ्या.

तर एकूण सहा, अधिक दोन, अधिक एक कोटी नऊ लाख: नऊ कोटींच्या थोडं वर. सॅटेलाइट (टीव्हीचे हक्क), ओटीटी आणि संगीत मिळून अडीच कोटी येतील असं उदार मनानं धरू. उरलेले सहा कोटी साठ लाख थिएटरमधून यायला हवेत. भागिले सत्तर, म्हणजे सुमारे ९ लाख ४० हजार तिकिटं. १८ कोटी ८० लाखांचा ग्रॉस, म्हणजे करासकट तिकीटविक्री. तेव्हा कुठे तुम्ही शून्यावर येता. आणि सरासरी तिकीट २०० ऐवजी १५० पडलं (तालुक्याच्या ठिकाणी सहज पडतं), तर तिकिटं साडेबारा लाख लागतात.

ही तिकिटं विकली कशी जातात ते पाहा. तीनशे पडदे, प्रत्येकी रोज दोन खेळ, सात दिवस: ४,२०० खेळ. खेळाला सरासरी २२० खुर्च्या धरल्या तर ९ लाख २४ हजार खुर्च्या. ३५ टक्के भरणा म्हणजे मराठी चित्रपटाला चांगलाच म्हणायचा. तेवढा मिळाला तर पहिल्या आठवड्यात ३ लाख २३ हजार तिकिटं. नेहमीप्रमाणे दर आठवड्याला आकडा निम्मा होत गेला, तर चार आठवड्यांत सहा लाखांच्या आसपास गाडी थांबते. म्हणजे लोक ‘बरा चालला’ म्हणतील, वर्तमानपत्रांत यशाच्या जाहिराती येतील, आणि तुम्ही दोन कोटींहून जास्त खड्ड्यात असाल. तुमच्या बजेटला असा चित्रपट लागतो ज्याचा दुसरा आठवडा पहिल्याइतकाच भरतो. असे चित्रपट होतात, दरवर्षी एखाद-दुसरा होतो. पण त्या एखाद-दुसऱ्यात आपला असेल असं गृहीत धरून घर गहाण टाकणं याला नियोजन म्हणत नाहीत.

वरच्या हिशोबातले अडीच कोटीही नीट तपासा. पूर्वी ओटीटी आणि सॅटेलाइटचा सौदा चित्रीकरणाआधी व्हायचा आणि त्या कागदावर पैसे उभे राहायचे. आता बरेच सौदे थिएटरच्या कमाईला बांधलेले असतात: इतका नेट झाला तर इतके, नाही तर त्याच्या निम्मे किंवा सौदाच रद्द. म्हणजे चित्रपट पडला की दोन्हीकडून पडतो. अडीचचा एक कोटी झाला तर थिएटरमधून आठ कोटी दहा लाख लागतात आणि तिकिटं साडेअकरा लाखांवर जातात. म्हणून ‘नॉन-थिएट्रिकल’च्या रकान्यात फक्त सही झालेल्या करारातली खात्रीची रक्कम लिहायची. तोंडी आश्वासनाचा आकडा शून्य.

अनुदानाचंही तेच. राज्य सरकारची दर्जेदार मराठी चित्रपटांसाठीची योजना चांगली आहे, समिती अ किंवा ब दर्जा देते, पैसे मिळतात. पण ते चित्रपट पूर्ण होऊन, सेन्सॉर होऊन, परीक्षण होऊन मग मिळतात. महिना दोन टक्क्यांचं व्याज चालू असताना त्या रकमेवर विसंबून सेट लावायचा नाही. ती आली की नफा समजा. आणि फायनान्सरच्या करारात ‘चित्रपटापासून होणारं कोणतंही उत्पन्न’ असे शब्द असतील तर त्यातून अनुदान आणि पुरस्कारांच्या रकमा स्पष्टपणे वगळून घ्या, नाहीतर त्याही तिकडेच जातात.

आता ए-२४बद्दल, कारण हे उदाहरण हल्ली जो तो देतो. ती संस्था २०१२ मध्ये सुरू झाली ती वितरक म्हणून. स्वतःची निर्मिती त्यांनी काही वर्षांनी सुरू केली. २०२२ मध्ये बाहेरून साडेबावीस कोटी डॉलर भागभांडवल आलं, तेव्हा संस्थेचं मूल्यांकन अडीच अब्ज डॉलर होतं. सुमारे पाच कोटी डॉलरचा चित्रपट त्यांनी २०२४ मध्ये आणला, म्हणजे बारा वर्षांनी. तोवर त्यांच्याकडे स्वतःचं वितरण होतं, चित्रपटांचा साठा होता, आणि बाहेरचा पैसा व्याजाचा नव्हता, भांडवलाचा होता. चित्रपट पडला तर भांडवलवाल्याचंही नुकसान होतं. सावकाराचं होत नाही. तुमच्यात आणि त्यांच्यात खरा फरक हा आहे, बजेटचा नाही.

उलट उदाहरण हवं असेल तर ब्रिटनमधल्या गोल्डक्रेस्टचं पाहा. १९८२ च्या ‘गांधी’मध्ये पैसा घातलेली, ऑस्करांची सवय झालेली स्वतंत्र संस्था. १९८५-८६ च्या सुमारास त्यांनी तीन मोठे चित्रपट एकाच वेळी हाती घेतले. त्यातल्या एकाचं बजेट हाताबाहेर गेलं, तो पडला, आणि बाकीच्या दोघांत आधीच पैसे अडकलेले असल्यामुळे सावरायला रोकड उरली नाही. १९८७ मध्ये संस्था विकली गेली. चित्रपट वाईट होते म्हणून एवढं झालं नाही. तिन्हींचे पैसे एकाच काळात बाहेर होते. आपल्याकडचं सांगायचं तर प्रभातनं १९३३ मध्ये पुण्यात येऊन भव्य चित्रपट केले, पण त्यांच्या हाताशी स्वतःचा स्टुडिओ होता आणि वितरणाला बाबूराव पै होते. नुसती निर्मिती एकटी उभी नव्हती. लॉ कॉलेज रस्त्यानं जाताना एफटीआयआयच्या आवारातला तो स्टुडिओ आपण रोज बघतो, पण त्यामागचं हे अर्थकारण क्वचितच कोणी बघतं.

पैशांची बाजू झाली. आता प्रत्यक्ष कामात काय बदलतं, कारण छोट्या संस्थांना खरा फटका इथे बसतो आणि त्याची कल्पना आधी नसते.

तुमच्या सव्वा कोटीच्या चित्रपटाचं युनिट चाळीसएक माणसांचं असेल आणि रोजचा खर्च दीड लाखाच्या आत. सहा कोटींच्या चित्रपटात मानधनं दोन कोटींवर जातात, संगीत-पोस्टला नव्वद लाख, विमा-कायदेशीर-कार्यालय पंधरा लाख, आणि आकस्मिक खर्चाला पंचेचाळीस-पन्नास लाख राखलेच पाहिजेत. उरतात अडीच कोटी. ४५ दिवसांचं चित्रीकरण धरलं तर रोजचे साडेपाच लाख. बारा तासांच्या शिफ्टला तासाचे पंचेचाळीस हजारांहून जास्त. हा तासाचा दर कॉलशीटवर (युनिटला रोज मिळणाऱ्या दिवसाच्या वेळापत्रकावर) छापा. पाहुण्यांना दाखवायला नाही, स्वतःच्या सहायकांना कळावा म्हणून.

तास गळतात कुठे? युनिट हलवण्यात. चाळीस माणसं सदाशिव पेठेतल्या वाड्यातून मुळशीच्या रस्त्यावर सव्वा-दीड तासात पोचून कॅमेरा लावतात. एकशे वीस माणसं, दोन व्हॅनिटी, जनरेटर, लाइटची गाडी, कपडेपट, जेवणाचा टेम्पो एवढं सगळं हललं की दुपार गेलीच. पेठेतल्या गल्लीत जनरेटरची गाडी वळत नाही, म्हणून ती लांब उभी करून केबल ओढावी लागते, आणि तेवढी केबल त्या दिवशी नेमकी कमी असते. म्हणून नियम एकच: एका दिवशी एक लोकेशन. पटकथा वाचतानाच लोकेशन एकत्र करा. भोर-वाई भागात वाडा, घाट, नदी, बाजार जवळजवळ मिळतात, म्हणून तर तिकडे एवढं चित्रीकरण होतं. मुक्कामाचा खर्च वाढला तरी तास वाचतात.

दुसरी गळती पानांच्या हिशोबात. छोट्या चित्रपटात तुम्ही दिवसाला चार-पाच पानं उरकत होता, कारण दोन माणसं एका खोलीत बोलत होती. गाणी, गर्दी, सात-आठ पात्रांचे घरगुती प्रसंग आले की दोन-अडीच पानांवर येता. सात जण जेवायला बसलेत आणि तिघं बोलतात, या साध्या प्रसंगाला प्रत्येकाच्या नजरेची दिशा सांभाळत शॉट लावायचे तर अख्खा दिवस जातो. ११० पानांच्या पटकथेला ४५ दिवस अडीच पानांच्या वेगानं जेमतेम पुरतात. चार गाणी असतील तर त्यांचे आठ-दहा दिवस वेगळे धरा, नाहीतर ते आकस्मिक निधीतून जातात आणि पावसाचा एक दिवस आला की हात रिकामे.

बैल, घोडा, अगदी कुत्रासुद्धा पटकथेत असेल तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी चित्रीकरणाआधी घ्यावी लागते आणि नंतर त्यांचं ना-हरकत प्रमाणपत्र सेन्सॉरला जोडावं लागतं. ‘एकच शॉट आहे, कोण बघतंय’ म्हणणारे पुढे प्रदर्शनाच्या तोंडावर तो शॉट कापतात किंवा तारीख घालवतात. चित्रीकरणाच्या परवान्यांसाठी चित्रनगरीची एक खिडकी व्यवस्था आहे, तिचा उपयोग करा. पण शनिवारवाड्यासारखी केंद्रीय पुरातत्त्वची जागा असेल तर वेगळा आणि लांबचा रस्ता आहे, महिना-दोन महिने आधी निघा.

पोस्टमध्ये तुम्हाला नवीन वाटेल ती गोष्ट म्हणजे डिलिव्हरी, म्हणजे खरेदीदाराला ठरल्या स्वरूपात सगळं साहित्य सोपवणं. मोठ्या चित्रपटाचं हिंदी किंवा तेलुगू डबिंग विकायचं असतं, आणि त्याला संवाद वगळून संगीत व इफेक्ट्सचा पूर्ण वेगळा ट्रॅक लागतो. छोट्या चित्रपटात सिंक साउंड, म्हणजे चित्रीकरणाच्या वेळचाच आवाज, घेतलेला असतो, त्यात पावलं, भांडी, दाराची कडी हे सगळं संवादाबरोबरच रेकॉर्ड झालेलं असतं. संवाद काढला की तेही जातं. मग पूर्ण फोली, म्हणजे हे बारीक आवाज स्टुडिओत, नव्यानं करावी लागते, आणि त्याला स्टुडिओचे दोन-तीन आठवडे जातात. त्याशिवाय अक्षरं नसलेली दृश्यं, ५.१ आणि स्टिरिओ दोन्ही मिक्स, उपशीर्षकं. २०२४ मध्ये आलेल्या मार्गदर्शक तत्त्वांमुळे दृष्टिहीनांसाठी ध्वनिवर्णन आणि कर्णबधिरांसाठी कॅप्शनचा खर्चही धरायला हवा. ओटीटीचा शेवटचा हप्ता तांत्रिक तपासणी पार झाल्यावरच मिळतो, आणि तपासणीत अडकलेला चित्रपट व्याजाचे महिने खातो. हे सगळं साउंडवाल्याच्या करारात चित्रीकरणाआधी लिहा.

कागदपत्रांचंही तसंच. आधीच्या चित्रपटांत मित्रानं पटकथा लिहिली, व्हॉट्सअॅपवर ठरलं, भागलं. आता खरेदीदाराचा वकील हक्कांची साखळी मागेल, म्हणजे मूळ लेखकापासून तुमच्यापर्यंत हक्क कसे आले त्याचे सगळे कागद. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हस्तांतराच्या करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे एका रिकाम्या ओळीपायी तुम्ही विकलेले ‘जगभरचे कायमचे हक्क’ प्रत्यक्षात तुमच्याकडे नसतातच. एका वर्षात हक्क वापरले नाहीत तर, करारात वेगळं म्हटलं नसेल तर, हस्तांतर संपतं; आणि पटकथा वर्षभर पडून राहणं हे मराठीत नेहमीचं आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर लेखक, गीतकार आणि संगीतकारांचा थिएटरबाहेरच्या वापरावरचा रॉयल्टीचा हक्क काढून घेता येत नाही, तेव्हा तसं लिहून घेण्याचा खटाटोप करू नका, तो कागद टिकत नाही आणि माणसं दुखावतात.

प्रदर्शनाबद्दल दोनच गोष्टी. २०१५ पासून मल्टिप्लेक्सनं दुपारी बारा ते रात्री नऊ या वेळेत मराठीला खेळ द्यावा असा नियम आहे, त्यावर सगळे भरवसा ठेवतात. पण दुपारी सव्वाबाराचा खेळ नियमात बसतो, कुटुंबाला बसत नाही. तुम्हाला पुण्यातल्या सिटी प्राइड मल्टिप्लेक्सला किंवा ठाण्याला संध्याकाळी सात-साडेसातचा खेळ हवा, आणि तो मिळवून देणं हे वितरकाचं काम आहे. म्हणून वितरक निवडताना कमिशन आठ टक्के की दहा यावर घासाघीस करण्यापेक्षा त्याच्या मागच्या तीन चित्रपटांच्या पहिल्या शुक्रवारच्या खेळांच्या वेळा मागवा. तारखेबाबत: गणपतीचे दहा दिवस पुण्यात संध्याकाळी मध्यवस्तीचे रस्ते बंद, माणसं देखावे बघत फिरतात. तेव्हा पुण्याचा भरणा हिशोबात धरूच नका. फेब्रुवारी-मार्च परीक्षा. दिवाळीत हिंदीवाले पडदे अडवतात. छोट्या-मध्यम मराठी चित्रपटाला जानेवारीचा उत्तरार्ध किंवा जून-जुलै बरा जातो. विदर्भ आणि मराठवाडा व्यापाराच्या भाषेत वेगळ्या टेरिटरीत येतात, सीपी-बेरार आणि निजाम. वितरकाचा हात तिकडे पोचतो का हेही विचारा. बहुतेकांचा मुंबई-पुणे-नाशिक-कोल्हापुरातच संपतो.

माणसांचा एक मुद्दा राहिला. तुम्हा तिघांत एक दिग्दर्शक, एक कॅमेरामन आणि एक निर्मिती सांभाळणारा आहे. छोट्या चित्रपटात ही ताकद होती. सहा कोटींत हीच अडचण होते, कारण दिग्दर्शकाला ‘क्रेन उद्या मिळणार नाही’ असं सांगणारा माणूस त्याचा भागीदार असतो आणि तो सांगत नाही. बाहेरचा लाइन प्रोड्युसर (चित्रीकरणाचा रोजचा खर्च आणि व्यवस्था सांभाळणारा) घ्या, आणि त्याच्या दबावाखाली न येणारा प्रॉडक्शन अकाउंटंट वेगळा घ्या. या दोघांच्या पगाराचे सात-आठ लाख वाचवायला जाऊ नका. रोज रात्री खर्चाचा अहवाल: ठरलेला, झालेला, आणि शेवटापर्यंत लागणारा. तिसरा रकाना महत्त्वाचा, बहुतेक जण पहिले दोनच लिहितात आणि तिसाव्या दिवशी जागे होतात.

मग करायचं काय? माझा सल्ला: हीच गोष्ट तीन कोटींत बसते का ते आधी बघा. बसते का म्हणजे ओढूनताणून नव्हे; पात्रं कमी, लोकेशन दोन, गाणी दोन, ३२ दिवस. तीन कोटी निर्मिती, एक कोटी प्रदर्शन, तीसेक लाख व्याज, आणि खात्रीचे दीड कोटी थिएटरबाहेरून मिळाले तर थिएटरमधून दोन कोटी ऐंशी लाख लागतात. चार लाख तिकिटं. वर काढलेल्या ‘बरा चालला’वाल्या चित्रपटाची सहा लाख तिकिटं आठवा, इतक्या मोठ्या प्रदर्शनाशिवायही, दोनशे पडद्यांवर, चार लाख हा गाठता येण्यासारखा आकडा आहे. आणि नाही गाठला तरी संस्था बुडत नाही. त्याच्याबरोबर एक छोटा चित्रपट लेखनाच्या टप्प्यावर चालू ठेवा, कार्यालयाचं भाडं त्याच्या विकास-निधीतून निघू दे.

गोष्ट सहा कोटींशिवाय होतच नसेल, तर अटी बदला. आधीच्या दोन चित्रपटांचे हक्क तारण द्यायचे नाहीत, यावर ठाम राहा. तीच तुमची एकमेव मालमत्ता आहे. वैयक्तिक हमीही नको. फायनान्सरला जास्त हवं असेल तर व्याजाऐवजी नफ्यात वाटा द्या, अगदी चाळीस टक्क्यांपर्यंत द्या. तो तयार झाला तर त्याचाही या चित्रपटावर विश्वास आहे असं समजा. नुसत्या व्याजावर आणि तारणावर अडून बसला तर त्याला चित्रपटात रस नाही, तुमच्या हक्कांत आहे. मुख्य कलाकारांच्या मानधनाचा तिसरा हिस्सा प्रदर्शनानंतर देण्याची बोलणी करा, बरेच जण ऐकतात. पैसे परत जाण्याचा क्रम करारात ओळीनं लिहा: वितरकाचं कमिशन, प्रदर्शनाचा खर्च, फायनान्सरचं मुद्दल, मग तुमचं दीड कोटीचं मुद्दल, आणि त्यानंतर व्याज किंवा नफा. फायनान्सर व्याज तुमच्या मुद्दलाच्या आधी मागेल, तिथे मध्यावर या, पण मुद्दलाआधी व्याज वसूल होऊ देऊ नका, नाहीतर मुद्दल तसंच राहतं आणि त्यावर पुन्हा व्याज चढतं.

आणि हा चित्रपट चालू भागीदारीच्या नावावर करू नका. त्याच्यासाठी वेगळी एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) काढा, वेगळं बँक खातं, वेगळा जीएसटी क्रमांक. फायनान्सरशी करार त्या एलएलपीचा, आणि पटकथेचे हक्कही त्याच नावावर. नोंदणी, पॅन, खातं, जीएसटी सगळं मिळून महिनाभर जातो, त्यामुळे बोलणी चालू असतानाच सीएला कामाला लावा. पहिला हप्ता घाईघाईत जुन्या खात्यात घेतलात की पुढे वेगळेपणा सिद्ध करणं अवघड जातं.

आत्ताच्या मसुद्यातली व्याज, तारण आणि वसुलीची कलमं नावं-गावं काढून इथे टाकलीत तर त्यावर ओळीनं सांगता येईल.